घास आणि गंज

"तुम्हीच त्याला काहीतरी पढवलंय, पाद्रीबाबा. आता तुम्हीच निस्तरा."

तुरुंगाच्या अधीक्षकांनी चहा मागवला होता, पण तो यायच्या आतच त्यांनी मुद्द्याला हात घातला होता. पाद्रीबाबा खुर्चीत नीट टेकलेही नव्हते.

"मी काय पढवलं?"

"उपास कसला धरलायस म्हणून त्या गंज्याला विचारलं, तर म्हणतो कसा, माझ्याकडे खायला आहे, पण ते तुम्हाला ठाऊक नाही. आता हे काय त्याच्या मुकादमानं शिकवलं असणार? तुमच्याच वर्गातलं ना हे?"

वर्गातलंच होतं. पाद्रीबाबांनी मान खाली घातली.

आठवड्यातून एकदा, दुपारच्या जेवणाची बाकं पुसून झाली की ते तुरुंगाच्या भोजनखोलीत शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग घेत. वर्गाला बरी गर्दी असे, पण त्यात धर्माचा वाटा थोडा आणि पंख्याचा जास्त होता. अख्ख्या तुरुंगात कैद्यांसाठी चालणारा पंखा तेवढा त्या खोलीतच होता. पाद्रीबाबांना हे माहीत होतं. तरुणपणी त्यांना प्राचीन ग्रीकचा पंडित व्हायचं होतं. धर्मविद्यालयात शिकताना त्या भाषेत पहिला नंबर कधी सोडला नव्हता. पुढे आयुष्य आजारी माणसांच्या उशाशी आणि मेलेल्यांच्या पायाशी गेलं, पण तो ग्रीकचा किडा काही मेला नाही. मग कुणी ऐको न ऐको, मूळ शब्द काय, त्याचा धातू कुठला, हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही.

असंच एकदा त्यांनी ती गोष्ट सांगितली होती. प्रभू विहिरीपाशी थकून बसलेला, शिष्य गावातून जेवण घेऊन आलेले, आणि तो म्हणतो, माझ्याकडे खायला अन्न आहे, तुम्हाला माहीत नसलेलं.

"मूळ शब्द आहे ब्रोसिस," पाद्रीबाबा म्हणाले होते. "ब्रोमा म्हणजे ताटात वाढलेली वस्तू. ब्रोसिस म्हणजे अन्न तर आहेच, पण खाण्याची क्रियासुद्धा. आणि गंमत अशी, की दुसऱ्या एका ठिकाणी, संपत्ती साठवू नका, तिला कसर लागते आणि गंज खातो असं म्हटलंय ना, तिथं गंजाला जो शब्द आहे तोही हाच. ब्रोसिस. म्हणजे खाणं. लोखंडाचं खाल्लं जाणं."

पंख्याखाली पेंगणाऱ्यांपैकी एकानं एकदम मान वर केली. त्याला सगळे गंज्या म्हणत. गोदीत जहाजांच्या पोटाखाली उलटं पडून गंज खरवडायचं काम त्यानं पोरवयापासून केलं होतं. कातडीत काटे मोडावेत तसे तांबूस ठिपके त्याच्या हातांवर कायमचे बसले होते. मुकादमाशी भांडण होऊन त्यानं खरवडणी उगारली आणि मुकादमाचा एक डोळा गेला. आपण तसं केलं नाही, असं तो कधीच म्हणाला नाही.

"म्हणजे जेवण आणि गंज यांना एकच शब्द?" त्यानं विचारलं.

"एकच."

"मग त्यात नवल काय? आपल्यातही सगळं खाणंच आहे की. मी मार खाल्ला, साहेब पैसे खातो, काळजी माणसाला खाते, आणि आता आपण सगळे तुरुंगाची हवा खातोय."

सगळे हसले. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "आणि हा आमचं डोकं खातो." दारातला पहारेकरीही हसला. गंज्याशेजारी त्याच्या कोठडीतला म्हातारा शिंपी बसला होता. तो हसताहसता खोकला, आणि गंज्यानं त्याच्या पाठीवर हात फिरवला. एवढं पाद्रीबाबांच्या लक्षात राहिलं होतं.

हा म्हातारा तुरुंगाच्या शिवणखात्यात कैद्यांचे सदरे शिवायचा. त्याला साखरेचा जुना आजार होता आणि रोज सुई लागायची. एकदा सुया संपल्या. आज येतील, उद्या येतील, असं चाललं. म्हातारा आधी पाणी पाणी करू लागला, मग ओकू लागला. संध्याकाळी त्याला धाप लागली, तेव्हा गंज्यानं पत्र्याच्या मगानं दार बडवायला सुरुवात केली. म्हातारा स्वतःही हाका मारत होता, आवाज होता तोवर. पहारेकरी एकदा आला आणि म्हणाला, "ओरडू नका, सकाळी बघू." सकाळी बघायला काही उरलं नव्हतं. वर कळवण्यात आलं की वृद्ध कैदी झोपेत शांतपणे गेला, त्याला त्रास होत असल्याचं कुणाच्या कानावर आलं नाही.

त्या दिवसापासून गंज्यानं ताट परत पाठवायला सुरुवात केली. सुटका नको, माफी नको, कुणाला शिक्षाही नको. एवढंच लिहा की म्हातारा हाका मारत होता.

"एवढीशी गोष्ट," अधीक्षक म्हणाले. आता चहा आला होता. "पण एवढीशी गोष्ट लिहिली की मग कुणी ऐकलं, कुणी ऐकलं नाही, सुया का नव्हत्या, शेपूट वाढतच जातं. तुम्ही शहाणे आहात. त्याला समजावा."

"समजावतो," पाद्रीबाबा म्हणाले.

*

समजावणं जमलं नाही. गंज्या कोठडीच्या भिंतीला टेकून बसला होता, आणि म्हाताऱ्याची जागा त्यानं मोकळी ठेवली होती. पाद्रीबाबा म्हणाले, शरीर ही देवाची देणगी आहे. गंज्या म्हणाला, म्हाताऱ्याचंही होतं. पाद्रीबाबा म्हणाले, असं करून तो परत येणार नाही. गंज्या म्हणाला, "परत कोण बोलावतंय त्याला? आला तर पुन्हा सदरे शिवायला बसवतील."

"मग हे कशासाठी?"

"त्यांनी लिहिलंय तो शांतपणे गेला. खोटं आहे. मी होतो तिथं." म्हाताऱ्याच्या मोकळ्या जागेकडे बघत तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ना बाबा, एक अन्न असतं जे दुसऱ्याला दिसत नाही. मला भूक लागत नाही असं नाही. पण आत काहीतरी आहे, त्याच्यावर चाललंय."

आपला शब्द कुणीतरी इतका खरा धरला, याचा त्यांना आतून आनंद झाला, आणि पाठोपाठ त्या आनंदाची भीती वाटली.

घरी त्यांची थोरली बहीण होती. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायची आणि त्यांना अजून धाकट्या म्हणूनच हाक मारायची. तिनं वाढलेलं ताट ते नुसतं चिवडू लागले.

"धाकट्या, तू नाही जेवलास म्हणून त्याच्या पोटात काही जाणार आहे का?"

"घास उतरत नाही, ताई."

"उतरत नाही तर पाण्याबरोबर उतरव. दोघंही आडवे झालात तर तिकडं जाणार कोण?"

ते जेवले. पण तुरुंगात जाणं काही त्यांनी सोडलं नाही. आठवडे उलटत गेले तसं गंज्याला कोठडीतून तुरुंगाच्या दवाखान्यातल्या एका खोलीत हलवलं. तो पाणी घ्यायचा, त्यात चिमूटभर मीठ घ्यायचा, बाकी काही नाही. गालांची वाटी झाली, दंड काठीसारखे झाले. हातावरचे तांबूस ठिपके आता जवळजवळ आले होते, कातडी आटली होती ना. त्याच्या तोंडाला गोडसर, कुजक्या फळासारखा वास यायचा.

दवाखान्याच्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. नाडी बघायच्या, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघायच्या, आणि निघून जायच्या. वरिष्ठांकडून नळी घालून खायला घालायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी नकार दिला. माणूस शुद्धीवर आहे आणि नाही म्हणतोय, तोवर मी हात लावणार नाही, म्हणाल्या. अधीक्षकांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पाद्रीबाबांना वाटलं, या बाईला दगडाचं काळीज आहे. मरणाऱ्याला वाचवत नाही, नुसती नाडी मोजते.

मग डॉक्टरबाईंच्या सासूबाई वारल्या आणि त्यांना चार दिवस गावी जावं लागलं. नेमकं त्याच दरम्यान अधीक्षकांनी पाद्रीबाबांना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांचा आवाज मऊ होता. वरिष्ठ पाहणीला यायचे होते, त्यांच्यासमोर उपाशी माणूस नको होता.

"त्याला सांगा, चौकशी होईल. म्हातारा हाका मारत होता की नाही, त्याचीच चौकशी. मी शब्द देतो."

"खरंच?"

"शब्द दिला म्हणतोय ना, पाद्रीबाबा. तुमच्यासारख्या माणसाला मी खोटं सांगेन का?"

पाद्रीबाबांचं सगळं आयुष्य शब्दांवर गेलेलं. त्यांनी हाही शब्द खरा धरला.

घरी आल्यावर त्यांनी ताईला सांगितलं, आज जमेल असं वाटतंय. ताईनं दूध तापत ठेवलं. त्यात पाव कुस्करला, साखर घातली, आणि वर मधाची धार सोडली. ती आजारी माणसासाठी करायची तसं मऊसूत, गोड. डब्याला फडकं गुंडाळून तिनं तो भावाच्या हातात दिला.

"गरम आहे तोवर दे."

*

गंज्या डोळे मिटून पडला होता. पाद्रीबाबांनी डबा खाली ठेवला आणि चौकशीचं सांगितलं. त्यानं डोळे न उघडताच विचारलं.

"साहेब म्हणाले?"

"मला शब्द दिलाय."

"तुमचा विश्वास आहे?"

"आहे."

गंज्यानं मान दुसरीकडे वळवली. "बाबा, मला आता भीती वाटते. मरायची नाही. खायची. इतके दिवस धरून ठेवलं. खाल्लं की म्हाताऱ्याला विकलं असं होईल."

पाद्रीबाबा त्याच्या खाटेवर बसले. इतके दिवस ते उपदेश करत आले होते. आता त्यांना उपदेशातलं काही आठवेना, आठवला तो एक शब्द.

"तुला ब्रोसिस सांगितलं होतं," ते म्हणाले, "पण त्याचा एक भाऊबंद सांगायचा राहिला. ब्रोसिमोन. म्हणजे खाण्याजोगं काही. सबंध नव्या करारात तो एकदाच येतो. कुठे येतो ठाऊक आहे? ज्यानं म्हटलं ना, माझ्याकडे तुम्हाला माहीत नसलेलं अन्न आहे, तोच मेला, पुरला गेला, आणि उठून आपल्या माणसांत परत आला. ते सगळे घाबरलेले. भूत आहे असं वाटलं त्यांना. त्यांना धीर द्यायला त्यानं काय विचारलं? तुमच्याकडे इथं काही ब्रोसिमोन आहे का? खायला काही आहे का?"

गंज्यानं डोळे उघडले.

"खरंच असं आहे?"

"अक्षरशः असं आहे. आणि त्यानं त्यांच्यासमोर खाल्लं. आपण जिवंत आहोत, खरे आहोत, हे दाखवायला. त्यानं कुणाला विकलं नाही. खाणारा माणूस साक्ष देऊ शकतो, गंज्या. मेलेल्याच्या नावानं दुसरेच काहीतरी लिहितात. म्हाताऱ्याचं तेच झालं. उद्या चौकशीला बोलायला कोण आहे? तूच ना?"

"काय दिलं त्यांनी त्याला?"

"भाजलेल्या माशाचा तुकडा. काही जुन्या प्रतींत मधाचं पोळंही आहे."

गंज्या हसला. हसण्यात नुसते दातच दिसले, बाकी चेहऱ्यावर हसायला मांस नव्हतं. "मासा तुमच्याकडे नसणार."

"मध आहे."

पाद्रीबाबांनी डबा उघडला. वाफ आली तसा गंज्याचा गळा हलला. त्याला उठवून बसवलं आणि पहिला चमचा त्यांनी स्वतः त्याच्या तोंडाशी नेला. तो तोंडात धरून गंज्या काही वेळ नुसता बसून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग त्यानं गिळला. मग दुसरा. मग चमचा थांबला की तोच पुढे वाकू लागला. डबा रिकामा झाल्यावर त्यानं बोटानं कडा पुसून घेतली आणि विचारलं, "आणखी आहे?"

बातमी वाऱ्यासारखी पसरली. अधीक्षक स्वतः आले, पाठोपाठ स्वयंपाकघरातला माणूस ट्रे घेऊन. उकडलेले बटाटे, पाव, लोणी, साखर घातलेलं दूध, वर केकचा तुकडा. फोटो काढला गेला. अधीक्षकांनी पाद्रीबाबांचा हात हातात घेऊन दाबला. "तुम्ही जीव वाचवलात," ते म्हणाले, आणि पाद्रीबाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गंज्यानं ट्रेमधलं जवळजवळ सगळं खाल्लं. कुणी थांब म्हटलं नाही. थांब का म्हणायचं, ते तिथं कुणाला माहीत नव्हतं. एकाला माहीत होतं, पण ते पुढे कळलं.

त्या रात्री पाद्रीबाबा पोटभर जेवले. ताईलाही वाढायला लावलं, आणि ग्रीकमधल्या त्या शब्दानं कशी करामत केली ते तिला दोनदा सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी गंज्याच्या पायांना सूज आली होती. तो म्हणाला, हातापायांत मुंग्या चालतात. दवाखान्यातला मदतनीस म्हणाला, इतक्या दिवसांनी अन्न गेलंय, अंग धरायला लागलं असेल. त्याला पुन्हा भरपूर खायला दिलं. संध्याकाळी त्याला श्वास पुरेना. त्यानंतर तो भ्रमात गेला. म्हाताऱ्याला नावानं हाक मारू लागला, दार उघडा म्हणू लागला, हातात नसलेला पत्र्याचा मग आपटू लागला. पाद्रीबाबांना निरोप गेला आणि ते धावत आले, तेव्हा त्याचा हात त्यांच्या हातात आला, पण ओळख नव्हती. नाडी कधी धावायची, कधी हरवायची. मग ती हरवली ती सापडलीच नाही.

डॉक्टरबाई आल्या त्या बॅग खांद्यावर असतानाच. प्रेत अजून हलवलं नव्हतं. त्यांनी चादर बाजूला केली, सुजलेल्या पायावर अंगठा दाबला आणि पडलेला खड्डा बघत राहिल्या.

"काय दिलं त्याला?"

पाद्रीबाबांनी सांगितलं. दूध, पाव, साखर, मध. ट्रेमधलं बाकीचं.

"कुणी दिलं?"

"पहिलं मी दिलं. माझ्या हातानं."

डॉक्टरबाईंनी भिंतीला पाठ टेकली. आवाज न चढवता त्या बोलल्या, आणि त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण गेलं.

"इतके दिवस उपाशी राहिलेलं शरीर स्वतःलाच खात असतं, पाद्रीबाबा. साठलेलं सगळं संपत आलेलं असतं. अशा वेळी एकदम गोडधोड पोटात गेलं, की ते शरीर भराभर कामाला लागतं, आणि रक्तात उरलेसुरले जे क्षार असतात ते सगळे ओढून घेतं. हृदयासाठी काही उरत नाही. अशा माणसाला चमच्या-चमच्यानं आणायचं असतं, मोठ्या इस्पितळात, रोज रक्त तपासत. मी जाताना अधीक्षकांना समोरासमोर सांगून गेले होते. त्यानं खाईन म्हटलं तर आधी मला कळवा, आणि मी येईपर्यंत एक घासही देऊ नका."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं. त्यांना घाई होती."

पाद्रीबाबा तिथंच खाली बसले. दगडाच्या काळजाची म्हणून ज्या बाईला त्यांनी मनात नावं ठेवली होती, तिनं त्यांना उठवायचा प्रयत्न केला नाही. ती त्यांच्या शेजारी खाली बसली, एवढंच.

*

तुरुंगातून बाहेर बातमी गेली की अन्नत्याग केलेला कैदी शेवटपर्यंत अन्न नाकारून, स्वतःच्या हट्टापायी मरण पावला. फोटो कुठेच दिसला नाही. अधीक्षकांनी पाद्रीबाबांना फाटकाशीच गाठलं.

"झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण तुम्ही दिलेल्या घासानं मेला, असं बाहेर आलं तर तुमचं काय होईल, विचार करा. मी तुमचंच भलं बघतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि चौकशी? तुम्ही शब्द दिला होतात."

"तक्रार करणाराच राहिला नाही, तर चौकशी कसली?"

पाद्रीबाबा घरी आले आणि दोन दिवस दाराबाहेर पडले नाहीत. जिभेवर तो शब्द यायचा आणि ते त्याला परत गिळायचे. लोखंड खाणाऱ्याला आणि माणसाला जगवणाऱ्याला एकाच नावानं हाक मारावी, याचं त्यांना तरुणपणी कौतुक वाटायचं. आता त्यांना त्या शब्दाची शिसारी आली. त्यांनी ग्रीकचा शब्दकोश कपाटात टाकला. ताई स्वयंपाकघरात बसून होती. डबा तिनं भरला होता, म्हणून तिचंही तेच चाललं होतं, पण भावाला सांगत नव्हती.

तिसऱ्या दिवशी गंज्याची आई प्रेत घ्यायला आली. दूरच्या गावाहून आलेली, एकटी. ती येणार हे कळलं होतं, म्हणून पाद्रीबाबा फाटकाबाहेर येऊन उभे होते. ती त्यांच्यापाशी आली, कारण डगल्यावरून तिनं ओळखलं.

"तुम्हीच ना ते वर्ग घेणारे? मी भेटीला गेले की तो सांगायचा." ती रडत नव्हती, रडून संपलं होतं. "तुरुंगातून निरोप आला, शेवटपर्यंत उपाशीच होता. लहानपणी भूक सहन व्हायची नाही हो त्याला. ताट यायला उशीर झाला तर रडायचा. उपाशी कसा गेला असेल?"

झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची, तर आताच नुसती मान हलवायची होती. पाद्रीबाबांना तो क्षण नंतर पुष्कळदा आठवला. आपण धीराचे म्हणून बोललो असं त्यांना कधी वाटलं नाही. त्या बाईच्या डोळ्यांपुढे उपाशी पोर ठेवून तिला परत पाठवणं जमेना, म्हणून ते बोलले.

"उपाशी नाही गेला, माई. त्यानं खाल्लं. मी भरवलं त्याला. दूध, पाव आणि मध."

ती बघतच राहिली.

"आवडलं त्याला?"

"आणखी मागितलं."

तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. मग पाद्रीबाबांनी उरलेलंही सांगितलं, कारण अर्धं सांगून थांबणं म्हणजे पुन्हा लबाडीच होती. त्याच खाण्यानं तो गेला. मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही. पण हात माझा होता.

ऐकताऐकता तिचा चेहरा मिटत गेला. बोलणं संपल्यावर तिनं पदर सावरला आणि ती आत गेली.

पाद्रीबाबा तिथून सरळ डॉक्टरबाईंकडे गेले, आणि दोघं मिळून वर्तमानपत्राच्या कचेरीत. त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, स्वतःचं नाव घालून. बोभाटा झाला. रस्त्यानं जाताना लोक कुजबुजू लागले, ते बघ, कैद्याला खाऊ घालून मारणारा पाद्री. ताईला दुकानात कुणीतरी तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "डबा मी भरला होता, मला काय ते विचारा."

गाजावाजा झाला तशी चौकशी नेमावी लागली. एक निवृत्त न्यायाधीश आले आणि त्याच भोजनखोलीत बसले. पाद्रीबाबांना त्यांनी विचारलं, "तो अन्नत्यागानं मेला की नाही?"

"नाही. तो जेवून मेला. अन्नत्याग त्यानं माझ्या सांगण्यावरून सोडला होता. चौकशी होईल असं मी त्याला सांगितलं. ते मला अधीक्षकांनी सांगितलं होतं."

"तुम्ही स्वतःवर आरोप ओढवून घेताय, कळतंय ना?"

"कळतंय."

मग कैदी एकेक करून आले. त्यांना विचारलं गेलं ते म्हाताऱ्या शिंप्याबद्दल. पहिला चाचरला, दारातल्या पहारेकऱ्याकडे बघू लागला. मग म्हणाला, हाका मारत होता. दुसराही तेच म्हणाला. रांगेतल्या कोठड्यांमधले सगळे तेच म्हणाले, कुणी हळू, कुणी मोठ्यानं.

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की वृद्ध कैद्यानं मृत्यूपूर्वी बराच वेळ मदतीसाठी हाका मारल्या आणि त्याकडे दुर्लक्ष झालं. दुसऱ्या कैद्याचा मृत्यू आहार देण्यातल्या अजाणतेपणामुळे, कुणाचाही दुष्ट हेतू नसताना झाला. अधीक्षकांची बदली झाली. त्यांना मिळालेला नवा तुरुंग या तुरुंगापेक्षा मोठा होता. डॉक्टरबाईंचा करार पुढे वाढवला गेला नाही. पाद्रीबाबांना तुरुंगात यायची बंदी झाली, आणि वर्ग बंद पडला.

ते गंज्याच्या आईच्या गावी गेले. जाऊ नकोस म्हणून ताईनं सांगितलं होतं, पण ते गेले. दोन खोल्यांचं घर होतं, भिंतीला ओल आलेली. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं की तुमच्या मुलानं मागितलं होतं ते लिहिलं गेलं आहे. म्हातारा हाका मारत होता, असं.

"त्याच शब्दांत?" तिनं विचारलं.

"जवळजवळ त्याच शब्दांत."

तिनं मान हलवली. आतल्या खोलीकडे एकदा बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. त्यांना आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "आता या तुम्ही. आणि पुन्हा नका येऊ."

पाद्रीबाबांनी हात जोडले. परतीची गाडी निघायला अजून पुष्कळ अवकाश होता, म्हणून ते पायीच रस्त्याला लागले.